एकवाढीचे चार महिने

माझी लेक विजू आता पंचावन्नची आहे. परवा तिला डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवून या. ती फोनवर रडकुंडीला आली. "आई, पुढं सगळे सणच सण आहेत गं. कसं जमायचं?" मी म्हटलं, थांब, तुला लिहूनच पाठवते. फोनवर सांगायला लागले तर तू मध्येमध्ये हसशील, मग मला माझीच लाज वाटेल आणि मी नेमका महत्त्वाचा भाग गाळीन.

तर हे विजूसाठी. आणि विजूसारख्या ज्या कुणी श्रावणाच्या तोंडावर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बसल्या असतील, त्यांच्यासाठी. यात औषधांची नावं नाहीत. ती तुमचे डॉक्टर सांगतील. यात मी कशी वागले ते आहे. तसं वागू नका, एवढं कळलं तरी पुरे.

ढब्बू पैसा

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची. मी बत्तीस-तेहेतीसची. हुबळीत केशवापुरात आम्ही भाड्यानं राहत होतो. माझी उंची पाच फूट, तीही अंबाडा धरून. वजन किती ते ठाऊक नव्हतं, कारण त्या काळी आमच्याकडं वजन धान्याचं करत, माणसांचं नाही. धारवाडला एका लग्नात मी तूप-दूध घालून चार मांडे खाल्ले होते. ते बघायला पुरुषांच्या पंगतीतली माणसं उठून आली होती. त्या चार मांड्यांची कीर्ती मी कित्येक वर्षं पदकासारखी मिरवली. आता आठवलं की त्या बाईच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते. पण ती बाई मीच, आणि आता खांदाही वर जात नाही.

पाडव्याच्या सुमाराला नळाची भरलेली घागर उचलताना बेंबीपाशी काहीतरी सरकल्यासारखं झालं. बघते तर लिंबाएवढी गाठ. निजलं की आत जायची, उठलं की पुन्हा हजर. मी कुणाला बोलले नाही. गाठीपेक्षा मला डॉक्टरांची भीती जास्त.

पण मी काही अगदीच स्वस्थ बसले नाही हो. तान्ह्या बाळाची बेंबी फुगली की तिच्यावर नाणं ठेवून फडकं आवळायची आपल्याकडं रीत आहे ना? विजूला बांधलं होतं आणि तिची बसली होती. मग मी एक तांब्याचा जुना ढब्बू पैसा शोधला आणि यांच्या फाटक्या धोतराची पट्टी काढून तो माझ्या बेंबीवर करकचून बांधला. दोन महिने बांधून फिरले. कातडी हिरवी पडली. मला वाटलं, गुण येतोय.

एक दिवस न्हाणीत पट्टी सुटली आणि पैसा दगडावर खणकन पडला.

बाहेरून आवाज आला, "आत काय पडलं गं, मालते?"

"काही नाही."

"काही नाही, असं वाजत नाही."

या माझ्या सासूबाई. आम्ही सासूला आत्याबाई म्हणत असू. काटक, उंच, चिमट्यासारख्या सरळ. मी मनातल्या मनात त्यांना चिमटाच म्हणायची. चाळिशीच्या आत नवरा गेला, त्यानंतर लोकांच्या घरी पुरणपोळ्या लाटून त्यांनी मुलगा वाढवला होता. दिवसातून एकदा जेवायच्या, तेही सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडं तोंड करून, एकट्या. दहा वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि पैसा चिमटीत धरला.

"बाई, हे काय?"

"नाणं," मी म्हटलं.

"ते दिसतंय की. इथं कशाला?"

आत्याबाई म्हणाल्या, "लहान बाळाला बांधतात तसं बांधलंय तिनं."

डॉक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बाळ जरा मोठं आहे," म्हणाले.

मग मात्र ते हसले नाहीत. हर्निया आहे, म्हणाले. पोटाची भिंत फाटली आहे आणि त्यातून आतडं डोकावतंय. शिवावं लागेल. पण आता शिवलं तर टाके धरणार नाहीत. "घट्ट पोलक्याची शिवण कशी उसवते, ठाऊक आहे ना?" मला चांगलंच ठाऊक होतं. काट्यावर उभं केलं, अठ्ठ्याऐंशी किलो भरले. "बारा किलो उतरवा. कार्तिकात या, शिवतो. आणि एक ध्यानात ठेवा. गाठ आत जाईनाशी झाली, दगडासारखी लागली, उलटी झाली, तर हातातला घास टाकून इकडं या. मग मी वजन बघत बसणार नाही. पण तेव्हा जिवाची हमीही देणार नाही."

परत येताना मी सिटी बसमध्ये रडले. मरणाच्या भीतीनं रडले असं लिहिलं तर बरं दिसेल. आठ वर्षांच्या विजूचं तोंड डोळ्यांपुढं आलं, हे खरंच. पण खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते, त्याच्या आधी डोळ्यांपुढं नागपंचमीचे लाडू आले.

एका होळगीनं काय होतंय

आमच्या भागात सणांची रांग डॉक्टरांना विचारून लागत नाही. कारहुणिवी, म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा, झाली की नागपंचमी, मग गौरी-गणपती, दसरा, दिवाळी. पहिली परीक्षा कारहुणिवीलाच आली. यांच्या चुलतभावाकडं जेवण होतं. पुरणाच्या पोळ्या, म्हणजे आमच्या होळग्या, आणि आमरस. मी हात आडवा धरून म्हटलं, "डॉक्टरांनी नको म्हटलंय हो."

सगळी पंगत हसली. "डॉक्टरांना काय कळतंय! एका होळगीनं काय होतंय?"

त्या एका होळगीला सोबत म्हणून दुसरी आली. मग जोडी मोडू नये म्हणून तिसरी. चौथी मीच मागितली.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"डॉक्टरचं नाव सांगितलंस की लोक हसतात. बरोबर?"

"होय."

"मग देवाचं सांग. देवाला कुणी हसत नाही. उद्यापासून चातुर्मास. तू एकवाढीचा नेम धर."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चातुर्मासात बायका काही ना काही नेम करत. कुणी पानावर जेवायचं, कुणी मुक्यानं जेवायचं. एकवाढी म्हणजे ताटात एकदा जे वाढलं तेवढंच जेवायचं. दुसऱ्यांदा मागायचं नाही, कुणी वाढू द्यायचं नाही. आषाढी ते कार्तिकी, चार महिने. डॉक्टरांची मुदतही नेमकी तेवढीच. त्या मोजक्या बोलणाऱ्या बाईनं ही सांगड कधी घातली, देव जाणे. कुठलंही पुस्तक न वाचता आग्रहाचा दरवाजा त्यांनी आतून बंद करून दिला होता.

आणि मी? मी खिडकीतून बाहेर पडले.

फकीरप्पाचा काटा

नेम होता एकदाच वाढून घेण्याचा. किती वाढून घ्यायचं, ते नेमात सांगितलं नव्हतं! एकादशीचा उपास सोडताना पहिल्याच जेवणाला मी भाताचा असा डोंगर रचला की विजू म्हणाली, "आई, यावर देऊळ बांधू या." पोळ्या एकावर एक पाच. भाजीला जागा उरली नाही म्हणून ती भाताच्या पोटात खड्डा करून ठेवली. आणि एकदाही मागितलं नाही हं! नेम कडक पाळला.

आत्याबाई बघत होत्या.

वजन करायला दर वेळी दवाखान्यात कोण जाणार? हे मिरचीच्या अडतीत कारकून होते. तिथं पोती तोलायचा भला मोठा काटा. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी जायची. काट्यावर असायचा फकीरप्पा हमाल. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. आयुष्यभर पोत्यांची वजनं ओरडून सांगत आलेला माणूस. त्याला हळू सांगता येतच नव्हतं.

मी काट्यावर चढले की मिरचीची धूळ नाकात जायची आणि शिंका सुरू. शिंक आली की काट्याची दांडी उडायची. बेंबी फुटेल या भीतीनं मी दोन्ही हातांनी पोट धरून शिंकायची. फकीरप्पा म्हणायचा, "अलुगाडब्याड्री, अक्कारं!" म्हणजे हलू नका, अक्का. शेवटची शिंक होईस्तोवर तो वाट बघायचा आणि मग अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं कानडीत ओरडायचा.

पंधरा दिवसांच्या कडक नेमानंतर तो ओरडला, "एंबत्तोंबत्तू!"

एकोणनव्वद. एक किलो वाढलं होतं.

यांनी वहीत तोंड घातलं. मी घरी आले आणि काट्यातच खोट आहे म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "खोट काट्यात नाही. उद्यापासून तुझं ताट मी वाढीन. नेमकऱ्यानं आपल्या हातानं वाढून घेऊ नये."

असा नियम खरंच आहे की त्यांनी तिथल्या तिथं केला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचं वाढणं बघण्यासारखं होतं. दीड भाकरी, पालेभाजी भरपूर, कोशिंबीर त्याहून भरपूर, मुठीएवढा भात. गोड असेल त्या दिवशी गोडही वाढायच्या, विड्याच्या पानाएवढी पोळी. मी तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "प्रसादाला नाही म्हणू नये. पण आकार देवानं ठरवलेला नाही." लोकांच्या घरी हजारो पोळ्या लाटलेला तो हात माझ्यासाठी वेगळी चिमुकली पोळी लाटायचा, कडेपर्यंत पुरण भरलेली, मोठीला लाजवील अशी. तेव्हा मला तो कंजूषपणा वाटायचा. आता कळतं, मोठी पोळी लाटणं सोपं असतं.

न्हाणीतली पंचमी

नऊ-दहा दिवस बरे गेले आणि पंचमी आली.

आमच्याकडं पंचमीला लाडवांचा महापूर असतो. त्यांना आम्ही उंड्या म्हणतो. तिळाच्या, शेंगदाण्याच्या, रव्याच्या, बुंदीच्या. शेजारच्या कस्तुरक्कानं भरलेलं ताट आणलं. "तगोरी, तगोरी," घ्या घ्या, म्हणत ती माझ्या तोंडाशी उंडी आणणार, तोच आत्याबाईंनी मध्ये हात घातला. "नेम आहे तिचा." कस्तुरक्कानं हात मागं घेतला आणि वर मला नमस्कार केला. दुपारी माझ्या ताटात आवळ्याएवढी एक तिळाची उंडी आली. बाकीच्या डब्यात, डबा फडताळावर.

जेवणं झाल्यावर सगळे कस्तुरक्काच्या परसात चिंचेला टांगलेल्या झोक्यावर गेले. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय.

घर रिकामं झालं. मी स्टूल लावून डबा काढला, न्हाणीत गेले आणि आतून कडी घातली. दार बंद न्हाणीत, ओल्या दगडावर बसून, मांडीवर डबा घेऊन एक तेहेतीस वर्षांची संसारी बाई लाडू खाते आहे. बघा हं चित्र. पहिली उंडी खाल्ल्यावर मी देवाची माफी मागितली. दुसरी झाल्यावर डॉक्टरांची. तिसरीपासून माफी मागण्यासारखं कुणी उरलं नाही.

सातवी उंडी कोरडी होती. तीळ घशात अडकले आणि ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. थांबला तेव्हा बेंबीपाशी हात गेला. गाठ बाहेर आली होती. दाबली, आत जाईना. दगड झाला होता.

डबा जागेवर ठेवला, एवढं भान मला होतं. मग अंथरुणावर पडले आणि ओकले.

पोटात कुणीतरी पीळ घालत होतं आणि झोक्यावरून विजूचं खिदळणं ऐकू येत होतं. मला वाटलं, हेच शेवटचं ऐकू येणार. तिला मोठेपणी कुणी विचारेल, आई कशानं गेली? आणि ती म्हणेल, लाडवानं.

आत्याबाई आधी आल्या. मला बघितलं आणि एक प्रश्न न विचारता रिक्षा मागवली. कस्तुरक्काचा दीर अडतीत जाऊन यांना घेऊन आला. दवाखान्यात डॉक्टरांनी माझे पाय उंच करवले, इंजेक्शन दिलं आणि गार पट्ट्या ठेवत हळूहळू, कितीतरी वेळ ती गाठ दाबत राहिले. मी छताचा पंखा बघत होते. शेवटी काहीतरी गुडगुडलं आणि ते म्हणाले, "गेली. आणखी उशीर झाला असता तर आजच चिरावं लागलं असतं. आणि आज चिरायला मी भ्यालो असतो." एवढा मोठा सर्जन 'भ्यालो असतो' म्हणाला, त्याचं मला फार वाटलं.

दोन दिवस ठेवून घेतलं. सकाळी लवकर झाडू, मग नर्सबाई, मग ताप, नाडी. तोंडानं काही नाही, फक्त सलाईन. शेजारच्या खाटेवर कलघटगीची एक म्हातारी होती, तिलाही खाणं बंद. ती म्हणाली, "तुमच्या घरी पंचमीला काय काय केलंतं? सांग की." मी एकेक पदार्थ सांगत गेले आणि ती डोळे मिटून 'हं, हं' करत ऐकत होती. मग तिनं तिच्या घरचं सांगितलं. नर्सबाई ओरडल्या, "तुमच्या गप्पांनी मला भूक लागली, गप्प बसा!" आम्ही तिघी हसलो. हसताना पोट दुखलं, पण बरं वाटलं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी दाराबाहेर यांचा आवाज ऐकला होता.

"आई, नेमाच्या नावाखाली तिला उपाशी ठेवलंस तू. त्यानंच झालं हे. माझी बायको मेली असती आज. यापुढं तिच्या ताटाला हात लावू नकोस."

आत्याबाई फक्त म्हणाल्या, "बरं."

आणि मी, जिच्या दातांत अजून तीळ होते, ती मी, डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

सात

घरी आल्यावर ताट हे वाढायला लागले. प्रेमानं वाढायचे, म्हणजे भरपूर. तिसऱ्या दिवशी मला ते ताट बघवेना. हे कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई पोहे निवडत होत्या.

"आत्याबाई, पंचमीला मी न्हाणीत..."

"ठाऊक आहे. मोरीत तीळ होते. मी पाणी ओतलं."

मी त्यांच्यासमोर बसले. "मग तुम्ही यांना सांगितलं का नाही? तुम्हाला एवढं बोलले ते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "माझ्यावर रागावला तर चार दिवस रागावेल. मी आई आहे त्याची. तुला चोर म्हणाला असता तर तू जन्मभर चोरूनच खाल्लं असतंस." मग सूप पुन्हा ओढून, "किती खाल्ल्यास?"

"चार."

"डब्यात सात कमी आहेत."

"सात," मी म्हटलं.

"हं. आता ताट कुणी वाढायचं?"

"तुम्ही."

"मग तसं तूच त्याला सांग."

मी सांगितलं, ताट आत्याबाईच वाढतील. पण का, ते नाही सांगितलं. धीर झाला नाही. आणि यांच्या रागाचे चार दिवस काही संपेनात. हे आईशी कामापुरतं बोलायचे, तेही भिंतीकडं बघून. ज्या बाईनं पोळ्या लाटून लाटून त्यांना वाढवलं होतं, ती खाली मान घालून त्यांचा डबा भरायची, आणि मी शेजारी उभी राहून बघायची. भुकेपेक्षा हे सोसायला कठीण गेलं. भूक निदान जेवल्यावर थोडा वेळ थांबायची.

त्या दिवसापासून मी चोरून काही खाल्लं नाही. हा माझा मोठेपणा नव्हे. त्या मोरीतल्या तिळांवर ज्यांनी पाणी ओतलं, त्यांच्या पाठीमागं डबा उघडायचा कसा?

पाया पडून घेऊ नकोस

गौरीच्या जेवणाला पुन्हा त्याच चुलतभावाकडं. पुन्हा होळग्या. वाढायला आलेली जाऊ म्हणाली, "घे की गं, एका होळगीनं काय होतंय?" मी हात जोडले. "एकवाढी आहे माझी." लगेच तिचा चेहरा बदलला. पंगतभर कुजबुज झाली. जेवणानंतर दोन नव्या सुना येऊन माझ्या पाया पडल्या. चार मांडे खाणारी मी, आणि न खाल्ल्याबद्दल माझ्या पाया पडतात! मला ते फार आवडलं. मी मान जरा तिरकी करून, डोळे अर्धे मिटून आशीर्वाद द्यायला लागले. तिसरी सून वाकणार तोच आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "तुझा नेम बेंबीसाठी आहे. पायाबिया पडून घेऊ नकोस."

विजू, हे नीट वाच. वजन उतरायला लागलं की माणसाला एक वेगळाच माज चढतो. त्यालाही एक चिमटा जवळ असावा लागतो.

सोपं होतं असं समजू नकोस. दिवाळीत चकल्या तळताना मी खोबरेल तेलाचं बोट नाकाला लावून बसायची, वास येऊ नये म्हणून. तरी यायचा. रडायची. आत्याबाई म्हणायच्या, "रड. रडण्यानं वजन वाढत नाही." आणि एक लवंग हातावर ठेवायच्या.

गौरीनंतर फकीरप्पा ओरडला, "एंबत्तनाल्कू!" चौऱ्याऐंशी. दसऱ्याला, "एंबत्तू!" ऐंशी. दिवाळीच्या आधी मी काट्यावर चढले, शिंकले, आणि त्यानं ओरडायच्या आधी दांडीकडं दोनदा बघितलं. मग, "एप्पत्तोंबत्तू!" एकोणऐंशी. चार हमाल पोती टाकून आले. फकीरप्पा यांना म्हणाला, "रायरं, माझ्या काट्यावर माल नेहमी चढता बघितला. उतरताना हा पहिलाच." त्यानं डोक्याचा रुमाल काढून काट्याचं फळकूट पुसलं, मला उतरताना पाय घसरू नये म्हणून. ज्या माणसाच्या आवाजाला मी शिव्या घातल्या होत्या, त्यानं माझा एकेक किलो स्वतः उतरवल्यासारखा अभिमान धरला होता.

कार्तिकी एकादशीला सत्त्याहत्तर. डॉक्टरांच्या आकड्याहून एक जास्त. मी घाबरत डॉक्टरांपुढं गेले. त्यांनी काटा बघितला, माझं पोट चाचपलं आणि म्हणाले, "चला, शिवून टाकू. एका किलोनं काय होतंय?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण खांदे हलत होते. दहा वर्षांत पहिल्यांदा.

वाढू?

ऑपरेशनचं फार सांगत नाही. पाठीत सुई दिली, कमरेखालचं अंग परकं झालं. वर मोठा दिवा होता आणि हिरव्या कापडापलीकडं डॉक्टर कुणाशी तरी पावसाचं बोलत होते. त्यांना बोलायला सुचतंय म्हणजे ठीक चाललंय, असं मी मनाला सांगत होते. दहा दिवस दवाखान्यात काढले. आत्याबाई रोज सकाळी केशवापुराहून पेज घेऊन चालत यायच्या, बसमध्ये सांडते म्हणून. टाके धरले. काढताना डॉक्टर म्हणाले, "शिवण चांगली बसली. कापड तुम्ही चांगलं दिलंत." त्यांना काय ठाऊक, कापड कुणी दिलं ते.

मला जरा ताकद येईपर्यंत नेमाचं उद्यापन राहिलं होतं. ते आत्याबाईंनी मार्गशीर्षात केलं. पुरणपोळी. हे, विजू आणि मी पानावर बसलो. आत्याबाई वाढत होत्या. माझ्या ताटात नेहमीची पानाएवढी पोळी. मी ती संपवली.

तेव्हा मनात आलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"अहो," मी म्हटलं, "पंचमीला मी उपाशी नव्हते. तुम्ही सगळे झोक्यावर गेलात तेव्हा न्हाणीत कडी लावून सात उंड्या खाल्ल्या. ठसका लागला आणि गाठ अडकली. आत्याबाईंना ते ठाऊक होतं."

विजूचा घास हातातच राहिला. "सात?" म्हणाली. कौतुकानं म्हणाली, हे मी विसरलेले नाही.

यांनी माझ्याकडं बघितलं. मग आईकडं. चार महिन्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. "आई, तू... मी तुला दवाखान्यात..."

"जेव मुकाट्यानं," आत्याबाई म्हणाल्या. "पोळी गार होते." आणि यांच्या ताटात त्यांनी तुपाची वाटी उपडी केली. हे खाली मान घालून जेवायला लागले. त्या पोळीला तुपाखेरीज मीठही लागलं असणार, यांच्या डोळ्यांतलं.

मग त्या माझ्यापुढं आल्या. हातात एक मोठी पोळी, पूर्वी लाटायच्या तशी. आणि ज्यांच्या तोंडातून साडेचार महिने तो शब्द माझ्यासाठी निघाला नव्हता, त्या म्हणाल्या,

"वाढू?"

मी पोळीकडं बघितलं. खरंच सांगते, अख्खी खाता आली असती. दोनही.

"अर्धी," मी म्हटलं.

त्यांनी पोळी मोडली. अर्धी माझ्या ताटात ठेवली. उरलेली अर्धी हातात घेऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग स्वतःचं ताट ओढलं, आणि जन्मभर सगळ्यांच्या मागून, भिंतीकडं तोंड करून जेवलेली ती बाई माझ्या शेजारी पाटावर येऊन बसली.

आम्ही दोघी जेवलो.

त्यांचा तुकडा मोठा होता. मी बघितलं ना.